ताळा जुळला तरी पाणी कमीच

वाचकांचे प्रश्न : पाणी मोजायचं कसं

या महिन्यात नॉच (पाणी मोजायला चारीत आडवा बसवलेला खाचेचा पत्रा), चारी, बोअर असे मोजमापाचेच प्रश्न जास्त आलेत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकाला ढकललेत, रागावू नका. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिलीय, कारण असं प्रकरण मी नोकरीत निदान पाच-सहा ठिकाणी बघितलंय आणि प्रत्येक ठिकाणी भांडण चुकीच्याच माणसाशी चाललेलं होतं.

प्रश्न : साहेब, आमची पाणीवापर संस्था मायनरच्या (लहान कालव्याच्या) टेलला, म्हणजे शेवटाला आहे. संस्थेच्या हेडला (पाणी आत येतं तिथं) सिपोलेटी नॉच बसवलाय, पाणी जिच्यावरून पडतं ती कड ६० सेंमी. पाटकरी (कालव्याचं पाणी सोडणारा कर्मचारी) रोज पट्टी वाचून १२ सेंमी लिहितो, त्याच्या तक्त्यात सेकंदाला ४६ लिटर येतात. आम्हाला पटेना म्हणून पोरांनी चारीत संत्रं सोडून मोजलं. पाण्याची रुंदी ९० सेंमी, सरासरी खोली १८, आणि संत्र्याला २० मीटर जायला ७० सेकंद लागले. गुणाकार केला तर तेही ४६च आलं. म्हणजे बुक बरोबर. मग ४ दिवसांच्या आवर्तनात (पाण्याच्या पाळीत) शेवटच्या ८ एकराला पाणी पोचलंच नाही ते का? आता संस्थेत एकमेकांवर चोरीचा आळ घेणं सुरू झालंय. नॉचचा फोटो सोबत पाठवलाय. (संस्थेचे सचिव, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : सचिव, आधी एक करा, चोरीचा विषय बंद करा. तुमचा फोटो मी मोबाइलवर मोठा करून करून बघितला आणि दुसऱ्या मिनिटाला कळलं काय झालंय ते. नॉचवरून पाणी पडतच नाहीये हो, नुसतं सरकतंय. खालच्या अंगाला चारीत पाणकणीस, म्हणजे पाण्यातलं उंच गवत, माजलंय, त्यानं पाणी तुंबून मागं फुगलंय आणि नॉचच्या कडेपेक्षा खालचंच पाणी वर आलंय. नीट चाललेला नॉच लांबून ऐकू येतो, धार सुटी होऊन खाली आपटते, धारेच्या मागं बोट घातलं तर हवा लागते. तुमचा नॉच मुका झालाय.

आता हिशेब बघा. सिपोलेटी म्हणजे बाजू जरा बाहेर कललेल्या, चारास एक, तो नॉच. त्याचं सूत्र मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं : पाण्याची उंची सेंमीत घ्या, तिला तिच्याच वर्गमुळानं गुणा, मग कडेच्या रुंदीनं, मग ०.०१८६ नं, उत्तर लिटर सेकंदाला. १२ चं वर्गमूळ ३.४६, त्याला १२ नं गुणलं की ४१.६, गुणिले ६०, गुणिले ०.०१८६, आले ४६.४. तक्ता चुकलेला नाही, पाटकऱ्यानं वाचनही बरोबरच केलंय, पण हे सूत्र धार सुटी पडते तेव्हाचं आहे. खालचं पाणी कडेच्या वर चढलं की वरची पातळी उगाच जास्त दिसते आणि पाणी मात्र तेवढं जात नाही. फोटोतल्या विटांच्या थरांवरून मला खालचं पाणी कडेच्या वर साधारण ९ सेंमी वाटतंय. वर १२, खाली ९, म्हणजे पाऊण बुडालेला नॉच. अर्धा बुडाला तर पाणी साधारण १५ टक्के कमी जातं, ते एकवेळ चालून जातं, पण पाऊण बुडाला की तिसरा हिस्सा गेलाच. तुमच्या चारीत येतात ४६ नाही, ३१ लिटर. बुकात १.६४ क्युसेक (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर), शेतात १.१.

म्हणाल मग संत्र्यानं कसं काय ४६ सांगितलं? इथंच गंमत आहे. संत्रं तरंगतं वर, आणि चारीत सगळ्यात जोरात धावतं ते वरचंच पाणी. तळाचं आणि काठाचं पाणी मातीला, गवताला घासत रेंगाळतं. त्यामुळे तरंगत्या वस्तूचा वेग जसाच्या तसा घ्यायचा नसतो, त्याला कमी करायचं असतं. बरेच जण ०.८५ नं गुणतात, कॉलेजातही तेच शिकवतात, पण तो आकडा खोल पात्राचा आहे, फूटभर पाण्याच्या चारीला ०.६६ धरायचा. तुम्ही काहीच गुणलं नाही. ४६ गुणिले ०.६६ करा, किती आले? साडेतीस. नॉचच्या आकड्याची दुरुस्ती केल्यावर मी ३१ म्हणालो होतो. म्हणजे तुमचं मोजमाप उत्तम होतं, पोरांना शाबासकी द्या, फक्त दोन चुका नेमक्या सारख्या मापाच्या निघाल्या आणि एकमेकींना साक्षीदार झाल्या.

आणि ८ एकर? सेकंदाला १५ लिटर कमी, ४ दिवस, म्हणजे ५,३०० घनमीटरच्या आसपास. आठ एकराला १० सेंमीचं भरणं दिलं तर शेतात ३,२०० घनमीटर लागतात, कच्च्या चारीत वाटेत मुरणारं धरलं तर हेडला पाच हजार सोडावे लागतात. बसला ताळा? तुमचा चोर पाणकणीस आहे.

आता करायचं काय ते सांगतो. आवर्तनाच्या आधी नॉचखालची पन्नास-शंभर मीटर चारी खोऱ्यानं साफ करा, नुसतं गवत कापू नका, गाळही काढा, आणि पाणी सुटल्यावर बघा, खालचं पाणी कडेच्या निदान पाच-सहा सेंमी खाली राहिलं पाहिजे. साफ करूनही तुंबत असेल तर नॉचची जागाच सखल आहे, मग शाखा अभियंत्याला लेखी द्या आणि तिथं पार्शल फ्लूम, म्हणजे मधे गळ्यासारखी अरुंद केलेली मोजायची नाळ, मागा. पार्शल नावाच्या अमेरिकेतल्या इंजिनिअरनं शंभरएक वर्षांपूर्वी कोलोरॅडोतल्या शेतकऱ्यांच्या असल्याच कटकटीवर काढलेला तो उपाय आहे, गाळ त्यातून वाहून जातो आणि एक फुटी गळ्याचा फ्लूम ७० टक्के बुडेपर्यंत तक्त्याप्रमाणे चालतो. लहान गळ्याचा घेतलात तर मात्र ही सवलत कमी होते, ते विचारून घ्या.

जाता जाता पट्टीचा शून्यही तपासा. गवंड्याकडची पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, एक टोक नॉचच्या कडेला आणि दुसरं पट्टीला लावा. शून्य आणि कड एका पातळीत नसेल तर सगळं बुक वाया. एक सेंमी चुकलं, १२ चे १३ झाले, की पाणी पावणेतेरा टक्क्यांनी फुगतं. आणि पट्टी नॉचच्या मागं पाण्याच्या उंचीच्या चौपट अंतरावर तरी पाहिजे, तुमच्यात अर्धा मीटर. कडेवरच फूटपट्टी टेकवून वाचू नये, तिथं पाणी उडी मारायच्या तयारीत खाली वाकलेलं असतं. हे मी फुशारकीनं नाही सांगत, नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी महिनाभर कडेवर पट्टी टेकवून आकडे लिहिले आणि संस्थेला फुकट पाणी वाटलं, वरिष्ठांनी नंतर जे ऐकवलं ते इथं छापता येणार नाही.

शेवटचं. २००५ च्या कायद्यानं संस्थेला पाणी घनमापनानं द्यायचं ठरलंय, म्हणजे तुम्ही पैसे घनमीटरचे भरता, एकराचे नाही. तेव्हा मोजणी दोघांनी मिळून करा, पाटकऱ्याच्या वहीवर संस्थेची सही रोज होऊ द्या, आणि सही करताना वरच्या पट्टीबरोबर खालची पातळीही लिहा. खाली पट्टी नसेल तर रंगानं एक रेघ मारून घ्या. पाटकऱ्याशी भांडू नका, त्याला तक्ता दिलाय तो वापरतोय बिचारा.

प्रश्न : आमच्या बोअरला एक इंच पाणी लागलंय आणि शेजाऱ्याच्या बोअरला दोन इंच. म्हणजे त्याला माझ्या दुप्पट पाणी आहे ना? शिवाय हे इंच म्हणजे नक्की कशाचे? (एक शेतकरी, बीड जिल्हा)

उत्तर : दुप्पट? साडेपाचपटीच्या वर आहे! हा प्रश्न गावोगाव विचारला जातो आणि बोअर मारणारा गाडीवाला कधी नीट सांगत नाही, त्याला तरी कुठं वेळ असतो.

बोअर झाल्यावर कॉम्प्रेसरनं पाणी बाहेर फेकतात, ते मातीचा बांध घालून एका वाटेनं काढतात आणि त्या वाटेत पत्र्याचा तुकडा उभा रोवतात, त्याला मधे काटकोनी व्ही आकाराची खाच असते. त्या खाचेच्या टोकापासून पाणी किती इंच चढलं, ते ते इंच. पाइपच्या इंचाशी त्याचा काही संबंध नाही. आता व्ही खाच खाली चिंचोळी आणि वर रुंद. पाणी चढतं तसं ते उंचही होतं आणि रुंदही होतं आणि वेगही वाढतो, म्हणून इथं उंचीचा अडीचवा घात येतो. करायचं असं : सेंमीतली उंची गुणिले उंची गुणिले उंचीचं वर्गमूळ, त्याला ०.०१३८ नं गुणा, लिटर सेकंदाला मिळतात. एक इंच म्हणजे ताशी पाचशे लिटरच्या आसपास, दोन इंच म्हणजे २,९००, अडीच इंच म्हणजे ५,०००, तीन इंच म्हणजे जवळजवळ ८,०००. चार इंच म्हणाले कुणी तर ताशी सोळा हजार. अडीच ते तीन हा नुसता अर्धा इंच, पण त्यात ताशी तीन हजार लिटर बसलेत, म्हणून गाडीवाला 'तीनला आलंय बघा' म्हणाला की खाली वाकून स्वतः बघायचं.

पण यात दोन मेखा आहेत. एक म्हणजे दोन इंचाच्या खालचं माप व्ही नॉचवर फारसं भरवशाचं नसतं, पाणी पत्र्याला चिकटून खाली ओघळतं, धार सुटत नाही, त्यामुळे तुमचा एक इंच पाऊणही असेल आणि सव्वाही. दुसरं, कॉम्प्रेसर पाणी धापा टाकत फेकतो, एकदा भस्सकन येतं एकदा थांबतं, आणि गाडीवाला पातळी वाचतो ती भस्सकनच्या वेळची. त्यातून पहिल्या तासाला येतं ते खडकाच्या भेगांत साठलेलं पाणी. मोटर टाकून सलग चार-सहा तास चालवा, घड्याळ लावून २०० लिटरचा बॅरल किती सेकंदात भरतो ते दर तासाला लिहा, बोअरचं खरं पाणी ते. बॅरल आणि घड्याळ यापेक्षा खात्रीचं मीटर अजून निघालेलं नाही.

प्रश्न : आजोबांच्या वेळचा ओढ्यावर दगडी बंधारा आहे. वाटणीत ठरलं की दोन्ही घरांना सारखं पाणी. चुलत्यांनी भिंतीला ६ इंची एक भोक ठेवलं, आम्हाला ३ इंची दोन दिली, म्हणाले सहा इंच ते सहा इंच. तरी आमचं रान भिजायला दुप्पट वेळ लागतो. (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : लागणारच. इंच मोजले व्यासाचे आणि पाणी जातं क्षेत्रफळातून. व्यास दुप्पट झाला की भोक चौपट होतं, म्हणजे ६ इंचीच्या बरोबरीला ३ इंची चार भोकं लागतात, तुम्हाला दोनच मिळालीत. भोकाच्या मध्यापासून वर एक मीटर पाणी असेल तर चुलत्यांना सेकंदाला साधारण ४९ लिटर जातात, तुम्हाला दोन्ही मिळून साडेचोवीस. चुलत्यांच्या मनात काही असेलच असं नाही, हा हिशेब शिकलेली माणसंही चुकतात.

वरच्या पाण्याचा हिशेब वेगळा आहे, तो वर्गमुळानं चालतो, सतराव्या शतकात टॉरिचेली नावाच्या इटालियन माणसानं तो मांडला. पाणी मीटरवरून पाव मीटरवर आलं, म्हणजे चौथा हिस्सा राहिलं, तरी धार निम्मीच होते, चौथाई होत नाही. म्हणून बंधारा भरलेला असताना भोक फार उधळत नाही आणि उतरल्यावर फार आखडत नाही, वाटणीला भोकं लोकांना आवडतात ती त्यामुळेच. फक्त सगळ्या भोकांचे मध्य एका पातळीत पाहिजेत, नाहीतर उन्हाळ्यात वरचं भोक आधी कोरडं पडतं. ज्यांचं भोक बाहेरच्या बाजूनं पाण्यात बुडतं त्यांनी उंची आतल्या-बाहेरच्या पाण्याच्या फरकाची धरायची.

अजून एक सांगू का नको असं झालंय, पण सांगतो. पातळ भिंतीतल्या धारदार भोकाला पाइपचा छोटा तुकडा बाहेरून घट्ट बसवला, व्यासाच्या अडीच-तीनपट लांबीचा, तर त्याच भोकातून तीसएक टक्के जास्त पाणी जातं. धार भोकातून निघताना आकसते, तुकडा तिला परत फुगवतो आणि मागून ओढून घेतो. ही युक्ती जुनी आहे. इसवी सन ९७ मधे रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख झालेला फ्रंटिनस हेच लिहून गेलाय की लोक ठरलेल्या मापाच्या तोंडापुढं मोठा पाइप जोडतात आणि पाणी लाटतात, म्हणून तोंडापुढं पन्नास फुटांपर्यंत पाइप त्याच मापाचा पाहिजे असा नियम होता. तुम्ही तुकडा बसवाल, चुलते आठवड्यात बसवतील, त्यातून काही निघायचं नाही.

बसून बोला आणि भोकं बुजवून टाका. भिंतीच्या माथ्यावर एकाच पातळीत, एकाच रुंदीच्या दोन चौकोनी खाचा काढा, मधे एक उभी शिळा. पाणी कमी असो जास्त असो, दोघांना सारखंच जातं, आणि ते कुणालाही नुसत्या डोळ्यानं दिसतं. खालच्या साठ्यासाठी एक बारीक मोरी ठेवा, तिचे दिवस वाटून घ्या. खाचा काढताना पातळी नळीनं बघा, ओळंब्यानं नको.

प्रश्न : पावसाळ्यात बातम्यांत सांगतात खडकवासल्यातून मुठेत २५ हजार क्युसेक सोडलं. एवढं पाणी कोण मोजतं, तिथं मीटर आहे का? (गृहिणी, पुणे)

उत्तर : ताई, मीटर नाही, गेटच मीटर आहे. गेट थोडं उचललं की खालून पाणी भोकातून निघावं तसं निघतं, गेट किती उचललं आणि वर पाणी किती, एवढं कळलं की तक्त्यातून विसर्ग निघतो. गेट पूर्ण पाण्याबाहेर काढलं की सांडवा मोठ्या नॉचसारखा वागतो, मग दुसरा तक्ता. साताऱ्याच्या भोकाचं आणि नगरच्या नॉचचंच मोठं भावंड म्हणा.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर, साधारण दोन बादल्या. ११,५७४ क्युसेक चोवीस तास चाललं की एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट होतं. खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, म्हणजे २५ हजारानं सोडलं तर बावीस तासांत धरण रिकामं, वरून काही आलं नाही तर. पण वरून पानशेत, वरसगाव, टेमघर असतातच, म्हणून ते रिकामं होत नाही आणि नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखालून बाहेर येत नाही.

प्रश्न : डिप्लोमाला आहे सर. मॅनिंगच्या सूत्रात (चारीतल्या पाण्याचा वेग काढायच्या) एन, म्हणजे चारीच्या खडबडीतपणाचा आकडा, परीक्षेत दिलेला असतो. साइटवर कोण देतं? (विद्यार्थी, लातूर)

उत्तर : कोणी देत नाही बाळा, आणि साइटवर जो छातीठोकपणे देतो त्याच्यापासून जरा लांबच राहा. पुस्तकात काँक्रीट अस्तराला ०.०१५ च्या आसपास, साफ मातीच्या चारीला ०.०२२, गवत माजलेल्या चारीला ०.०३५ आणि वर. नुसतं ०.०२२ चं ०.०३५ झालं तरी तेवढ्याच खोलीला पाणी ३७ टक्के कमी जातं, किंवा तेवढंच पाणी न्यायला चारी भरून वर येते आणि मग मागचा नॉच बुडतो, पहिलं उत्तर वाच म्हणजे कळेल कुठल्या गावची गोष्ट सांगतोय ते. मॅनिंग हा आयर्लंडमधे नदीनाले आणि चरांची कामं करणारा माणूस, १८८९ मधे त्यानं ते मांडलं, तुझ्या लातूरच्या चारीत पाणकणीस किती ते त्याला कसं ठाऊक असणार.

तू उलटं कर. घराजवळची एखादी सरळ चारी धर, तीस मीटरची. नळीनं दोन टोकांच्या पाण्याच्या पातळीतला फरक मीटरमधे काढ, त्याला तीसनं भाग, तो उतार. तीन ठिकाणी रुंदी-खोली मोज. संत्रं सोड, पाच वेळा, काठाला अडकलेली वेळ टाकून दे, सरासरी वेगाला खोलीप्रमाणे ०.६६ ते ०.७ नं गुण. मग सूत्रात एन सोडून सगळं घाल आणि एन काढ. मग दिवाळीनंतर गवत वाढल्यावर त्याच जागी परत जाऊन काढ. दोन्ही आकडे आणि चारीचे दोन फोटो मला पाठव, नीट आले तर याच पानावर छापू, आणि संत्री पाच-सहा तरी ने, दोन वाहून जातात आणि एक कुणीतरी खातंच.